बॅकहँड आणि त्याच्यावर येणारा चेंडू

टेनिसमधला बॅकहँड हा बहुतेक वेळा प्रतिस्पर्ध्याने लादलेला फटका असतो. फोरहँड मारता यावा म्हणून खेळाडू पळून जागा करून घेतो, डाव्या कोपऱ्यात आलेल्या चेंडूलाही वळसा घालतो. बॅकहँडसाठी अशी धावपळ क्वचितच कोणी करतो. चेंडू तिकडे येतो, कारण समोरच्याने तो मुद्दाम तिकडे पाठवलेला असतो. त्यामुळे डॉन बज, केन रोझवॉल, जिमी कॉनर्स, स्टेफी ग्राफ, रॉजर फेडरर आणि नोव्हाक जोकोविच यांचे बॅकहँड शेजारी मांडून त्यांत श्रेष्ठ कोणता असे विचारायचे, तर हाताच्या आधी चेंडू पाहावा लागतो. तो किती उसळत होता, त्याच्यावर फिरकी किती होती, तो हिरवळीवरून येत होता की लाल मातीवरून, आणि फटका मारायला वेळ किती मिळत होता, हे ठरल्याशिवाय दोन काळांतले दोन बॅकहँड तोलता येत नाहीत.

एरवी ही तुलना दोन मापांनी होते, सौंदर्याच्या आणि विजेतेपदांच्या. सौंदर्याचे माप आधीच एकहाती बॅकहँडकडे झुकलेले आहे. फटका संपताना उजवा हात उंच, डावा मागे पसरलेला, छाती मोकळी, ही आकृती छायाचित्रात फार देखणी दिसते. दुहाती फटक्याचा शेवट खांद्याभोवती गुंडाळलेला असतो, तो तसा दिसत नाही. पण छायाचित्र फटका मारून झाल्यानंतरचे असते आणि चेंडू कुठे पडला ते त्यात येत नाही.

विजेतेपदांचे माप अधिक भक्कम वाटते, पण काळ ओलांडताना तेच जास्त फसवते. रोझवॉलच्या नावावर एकेरीची ८ ग्रँड स्लॅम विजेतेपदे आहेत, जोकोविचच्या नावावर २४. मात्र रोझवॉल १९५७ च्या सुरुवातीला व्यावसायिक झाला, आणि १९६८ मध्ये या स्पर्धा सर्वांना खुल्या होईपर्यंत त्याला तिथे प्रवेशच नव्हता. वयाच्या २२ पासून ३३ पर्यंतची, म्हणजे कोणत्याही टेनिसपटूच्या भराची वर्षे त्या हिशेबातून कापली गेली आहेत. शिवाय १९७४ पर्यंत चार मोठ्या स्पर्धांपैकी तीन हिरवळीवर होत आणि फक्त पॅरिसची लाल मातीवर. खेळपट्टी झाकून ठेवण्याची प्रथा येण्यापूर्वीच्या फलंदाजाची सरासरी क्रिकेटचा जाणता रसिक आजच्या सरासरीशी थेट लावत नाही. टेनिसमध्ये हे भान फारसे पाळले जात नाही.

तिसरे एक माप आहे आणि ते जास्त प्रामाणिक आहे. एखाद्या बॅकहँडमुळे प्रतिस्पर्ध्याला काय करणे सोडून द्यावे लागले, हे पाहावे. त्या बाजूला सर्व्हिस करणे कोणी टाळले, त्या बाजूला चेंडू मारून नेटकडे धावण्याचे धाडस कोणी गमावले, वर्षानुवर्षे चाललेला डाव कोणाला बदलावा लागला, याची नोंद सामन्यांत असते आणि ती मैदान किंवा रॅकेट बदलल्याने खोटी ठरत नाही. या मापातही एक खाच आहे. कधीकधी प्रतिस्पर्धी बॅकहँडवर मारतो, कारण त्याला फोरहँडची धास्ती असते. तेव्हा दुसरा प्रश्न विचारावा लागतो: तिकडे मारून त्याला मिळाले काय?

लाकडी रॅकेटच्या काळात बॅकहँडवर येणारा चेंडू खाली राहणारा होता. हिरवळीवर टप्पा पडला की चेंडू घसरत पुढे येई आणि बऱ्याचदा गुडघ्याच्या आसपासच राही. रॅकेटचा चेहरा साधारण ६५ ते ७० चौरस इंचांचा. आजची रॅकेट ९५ ते १०० चौरस इंचांची असते. अरुंद चेहऱ्याने चेंडूला खालून वर घासायला जावे, तर तो लाकडी चौकटीवर आदळण्याची भीती. त्यामुळे सपाट तरी मारायचे किंवा वरून खाली कापत स्लाइस तरी करायचा, हाच शहाणपणाचा मार्ग होता. खाली राहणाऱ्या चेंडूला खाली राहणारे उत्तर द्यायचे आणि नेटवर धावून येणाऱ्याला बुटांजवळचा चेंडू उचलायला लावायचे.

हे उत्तर रोझवॉलने जितके पूर्ण केले तितके दुसऱ्या कोणी केले नाही. उंची जेमतेम १७० सेंटिमीटर, सर्व्हिस सौम्य, अंगात दांडगाई नाही. बळकट नसल्यामुळेच त्याला चेष्टेने ‘मसल्स’ म्हणत. जन्मतः डावखुरा असूनही वडिलांनी त्याला उजव्या हाताने खेळायला शिकवले. ही गोष्ट त्याच्या बॅकहँडचे रहस्य म्हणून नेहमी सांगितली जाते. पण एकहाती बॅकहँडमध्ये डावा हात रॅकेट मागे नेईपर्यंतच साथ देतो, तेव्हा या गोष्टीवर फार भार टाकता येत नाही. खरे रहस्य तयारीत दिसते. रॅकेट लवकर खांद्यामागे वर जाई, पाऊल चेंडूत पडे, आणि चेंडू शरीराच्या पुढेच गाठला जाई. आजचा स्लाइस पुष्कळदा तरंगत जातो, वेळ काढण्यासाठी मारलेला असतो. रोझवॉलचा स्लाइस जवळजवळ सपाट, वेगवान आणि लांब पडणारा होता. रिटर्न, पासिंग शॉट आणि लॉब ही तिन्ही कामे तो त्याच एका हालचालीतून करी. त्यामुळे कोणता फटका येणार आहे हे नेटवर उभ्या असलेल्याला अखेरपर्यंत उमगत नसे.

१९७२ च्या मे महिन्यात डॅलसला झालेल्या डब्ल्यूसीटी (वर्ल्ड चॅम्पियनशिप टेनिस) अंतिम सामन्यात हा फटका सगळ्यात कठीण परीक्षेला बसला. समोर रॉड लेव्हर होता, १९६२ आणि १९६९ अशा दोन वर्षी चारही मोठ्या स्पर्धा जिंकलेला. रोझवॉल ३७ वर्षांचा होता, लेव्हर ३३ वर्षांचा. सामना पाचव्या सेटच्या टाय-ब्रेकमध्ये गेला आणि तिथे लेव्हर ५-४ असा पुढे होता. पुढच्या दोन्ही सर्व्हिस त्याच्याच हातात. त्यातली पहिली डाव्या चौकोनात करायची होती, म्हणजे डावखुऱ्या लेव्हरची वळणारी सर्व्हिस उजव्या हाताने खेळणाऱ्या रोझवॉलच्या बॅकहँडपासून दूर दूर जाणार, अगदी लेव्हरच्या मनासारखी स्थिती. रोझवॉलने दोन्ही सर्व्हिसवर बॅकहँडचे रिटर्न असे मारले की लेव्हरला उत्तर देता आले नाही. ६-५ झाल्यावर रोझवॉलने सर्व्हिस केली, लेव्हरचा परतीचा फटका चुकला आणि सामना ४-६, ६-०, ६-३, ६-७, ७-६ असा संपला. साडेतीन तासांच्या खेळानंतर, एक गुण इकडेतिकडे झाला की सगळे हरायचे अशा वेळी, जगातल्या सर्वोत्तम डावखुऱ्या सर्व्हिसला सलग दोनदा बॅकहँडने निरुत्तर करणे, ही त्या फटक्याच्या योग्यतेची जेवढी साक्ष आहे तेवढी आठ काय, अठरा विजेतेपदांनीही मिळाली नसती.

त्याच काळात लेव्हर लाकडी रॅकेटने बॅकहँडवर टॉपस्पिन मारत होता, म्हणजे ते अशक्य नव्हते. मात्र त्यासाठी लेव्हरचे दणकट मनगट, त्याची नजर आणि चेंडू गाठण्याची त्याची अचूक वेळ लागे. बाकीच्यांसाठी तो जुगार होता.

रोझवॉलच्या आधीचा थोर बॅकहँड डॉन बजचा. १९३८ मध्ये एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारा तो पहिला खेळाडू. लहानपणी तो बेसबॉलमध्ये डाव्या बाजूने फलंदाजी करी, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बॅकहँडची ओढ त्याच दिशेची असते. त्याआधीचे बहुतेक बॅकहँड चेंडू खेळात ठेवण्यापुरते असत. बजने त्या बाजूने हल्ला चढवता येतो हे दाखवून दिले. जॅक क्रेमर स्वतः अव्वल खेळाडू होता आणि त्याने कित्येक पिढ्या जवळून पाहिल्या होत्या. त्याच्या मते बजचा बॅकहँड सर्वांत श्रेष्ठ. या मताचा मान राखायलाच हवा. तरीही बजच्या खेळाचे चित्रीकरण इतके थोडे आहे की त्याचे स्थान पाहणाऱ्यांच्या शब्दावर ठरवावे लागते, आणि शब्दावर ठरलेले स्थान पुरावा असलेल्या स्थानाच्या वर ठेवणे योग्य नाही.

दुहाती बॅकहँड १९७० च्या दशकात जन्मला असा समज आहे, तो चुकीचा आहे. ऑस्ट्रेलियाचा व्हिव्हियन मॅकग्रा दोन्ही हातांनी बॅकहँड मारी आणि १९३७ मध्ये तो ऑस्ट्रेलियाचा विजेता झाला. जॉन ब्रॉमविचने १९३९ आणि १९४६ मध्ये तीच स्पर्धा जिंकली. पण खेळाचे शिक्षक याकडे एक विक्षिप्तपणा म्हणून पाहत राहिले. ख्रिस एव्हर्टने लहानपणी रॅकेट पेलवेना म्हणून दुसरा हात लावला. तिचे वडील जिमी एव्हर्ट टेनिसचे व्यावसायिक शिक्षक होते आणि ती मोठी झाल्यावर दुसरा हात सोडेल अशी त्यांची अपेक्षा होती. तिने तो सोडला नाही आणि १८ ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवली. कॉनर्स आणि बियॉन बोर्ग हे तिचे समकालीन. बोर्गच्या फटक्यात आइस हॉकीची झाक होती, चेंडू लागताच त्याचा डावा हात सुटे. कॉनर्स चेंडू उसळतानाच गाठून सपाट मारी. या तिघांनी दहा वर्षांच्या आत विक्षिप्तपणाचे रूपांतर पाठात केले.

काळांची तुलना करणाऱ्यांना १९७४ हे वर्ष फार आवडते. त्या वर्षी २१-२२ वर्षांच्या कॉनर्सने ३९ वर्षांच्या रोझवॉलला विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात ६-१, ६-१, ६-४ आणि अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ६-१, ६-०, ६-१ असे हरवले. नव्या दुहाती फटक्याने जुन्या एकहाती स्लाइसचा निकाल लावला, असे त्यावरून सांगितले जाते. हा निष्कर्ष टिकत नाही. दोघांच्या वयात १८ वर्षांचे अंतर होते. कॉनर्सच्या हातात पोलादी रॅकेट होती. रोझवॉलच्या सौम्य सर्व्हिसवर तो पुढे सरसावून तुटून पडत होता. ३९ वर्षांचा माणूस एकाच वर्षी दोन मोठ्या स्पर्धांच्या अंतिम फेरीपर्यंत कशाच्या बळावर पोहोचला, याचे उत्तर मात्र त्याच्या बॅकहँडपाशीच येऊन थांबते.

त्या काळाबद्दल अधिक शिकवणारा सामना पुढच्या वर्षीचा आहे. १९७५ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात आर्थर ॲशने कॉनर्सला ६-१, ६-१, ५-७, ६-४ असे हरवले. ॲशने वेग देणेच बंद केले आणि कॉनर्सच्या फोरहँडवर मंद, खाली राहणारे चेंडू सोडले. उजव्या चौकोनात सर्व्हिस करताना त्याने ती बाहेर वळवली. कॉनर्स डावखुरा, म्हणजे त्या चौकोनात बाहेरची बाजू त्याच्या बॅकहँडची. दोन्ही हात मुठीवर असले की आवाका कमी होतो, आणि तो कमी पडेल इतकी लांब सर्व्हिस ॲशने पुन्हा पुन्हा केली. म्हणजे कॉनर्सच्या बॅकहँडच्या टप्प्यात आलेला वेगवान चेंडू प्रतिस्पर्ध्यांसाठी घातक ठरत होता, पण तो चेंडू टप्प्याच्या बाहेर ठेवता येत होता. फटक्याची ताकद आणि त्याची हद्द दोन्ही एकाच सामन्यात उघड झाल्या.

यानंतर फटक्यापेक्षा जास्त बदलला तो चेंडूचा प्रवास. हॉवर्ड हेडने १९७६ मध्ये मोठ्या चेहऱ्याची प्रिन्स रॅकेट आणली. १९८० च्या दशकात ग्रॅफाइटने लाकडाला हद्दपार केले. मग तारांची पाळी आली. १९९७ मध्ये जागतिक क्रमवारीत ६६ वा असलेला ब्राझीलचा गुस्तावो कुएर्तन पॉलिएस्टरच्या तारा लावून पॅरिसला आला आणि विजेता झाला. या तारा चेंडू घासताना सरकतात आणि लगेच जागेवर परततात, त्यामुळे जोरदार फटक्यावरही भरपूर फिरकी मिळते आणि चेंडू कोर्टात राहतो. मैदानेही बदलली. अमेरिकन स्पर्धा १९७५ मध्ये मातीवर आणि १९७८ मध्ये हार्डकोर्टवर गेली, ऑस्ट्रेलियन स्पर्धा १९८८ मध्ये हार्डकोर्टवर गेली, आणि विम्बल्डनने २००१ मध्ये राय गवताची नवी हिरवळ लावली, तिच्यावर चेंडूचा टप्पा पूर्वीपेक्षा भरवशाचा पडू लागला. या सगळ्याची बेरीज अशी की बॅकहँडवर येणारा चेंडू गुडघ्यापासून कमरेवर आणि कमरेपासून खांद्यावर चढला.

खांद्यावरचा चेंडू एकहाती बॅकहँडला का जड जातो, हे शरीराच्या रचनेत आहे. एकहाती फटक्यात चेंडू दुहातीपेक्षा बराच पुढे गाठावा लागतो. हात सरळ असतो आणि सगळा भार खांद्याच्या मागच्या स्नायूंवर येतो. कमरेच्या उंचीवर पाय आणि धड त्यांना बळ पुरवतात, पण हात खांद्याच्या वर गेला की ते बळ पोहोचत नाही, आणि रॅकेटचा चेहरा मिटता ठेवणेही कठीण होते. दुहाती फटक्यात मागचा हात ढकलतो, जणू डाव्या हाताचा फोरहँडच. म्हणून चेंडू थोडा उशिरा गाठला तरी चालते आणि उंचावरचा चेंडूही खाली दाबता येतो. राफेल नदाल एरवी उजवा असून डाव्या हाताने खेळे. त्याच्या दुहाती बॅकहँडमध्ये ढकलणारा हात त्याचा मुळातला सरस हात असे.

चेंडूच्या उंचीने निकाल कसा फिरतो हे पाहायला १९९२ सालाइतके स्वच्छ उदाहरण मिळणार नाही. त्या जूनमध्ये पॅरिसच्या लाल मातीवर मोनिका सेलेसने ग्राफला अंतिम सामन्यात ६-२, ३-६, १०-८ असे हरवले. जुलैत विम्बल्डनच्या हिरवळीवर ग्राफने त्याच सेलेसला अंतिम सामन्यात ६-२, ६-१ असे हरवले. खेळाडू त्याच, हंगाम तोच. सेलेस दोन्ही बाजूंनी दोन हातांनी मारायची. ग्राफ बॅकहँडवर बहुतेक वेळा स्लाइसच करायची. मातीवर तो स्लाइस टप्पा पडल्यावर थोडा उठे आणि सेलेसला उभ्या उभ्या मारता येई. हिरवळीवर तोच स्लाइस घसरून खाली राही आणि मुठीवर दोन हात असलेल्या सेलेसला वाकत, ताणत त्याच्यापर्यंत पोहोचावे लागे. एकाच फटक्याची किंमत चार आठवड्यांत पालटली, कारण त्याच्याखालची जमीन पालटली. ग्राफच्या बॅकहँडला दुबळा म्हणणाऱ्यांनी हे दोन सामने एकत्र पाहायला हवेत. प्रतिस्पर्धी तिच्या बॅकहँडवर मारत, कारण तिच्या फोरहँडसमोर उभे राहणे परवडत नव्हते. तिकडे मारून त्यांना मिळे तो खाली राहणारा, लांब पडणारा स्लाइस, आणि तो उचलून परतवला की पुढचा फटका फोरहँडचा. २२ ग्रँड स्लॅम विजेतेपदे याच साखळीवर उभी आहेत.

फेडररच्या बॅकहँडबद्दल मत देताना हेच माप निष्ठुरपणे लावावे लागते. तो फटका सुंदर होता यात शंका नाही. स्लाइस, ड्राइव्ह, अर्ध्या टप्प्यावरचा झटका असे त्याचे प्रकारही अनेक होते. पण नदालने आपला संपूर्ण डाव त्या फटक्यावर रचला. डावखुऱ्या फोरहँडचा क्रॉसकोर्ट चेंडू प्रचंड टॉपस्पिन घेऊन फेडररच्या बॅकहँडवर खांद्याच्या वर उसळे, पुन्हा पुन्हा, तिथेच. २००८ च्या पॅरिसमधल्या अंतिम सामन्याचा निकाल ६-१, ६-३, ६-० असा लागला. मातीवर दोघांच्या लढती १४-२ अशा नदालच्या बाजूने गेल्या, एकूण २४-१६. प्रतिस्पर्ध्याने काय सोडून दिले, हा प्रश्न इथे विचारला तर उत्तर असे येते की नदालला बरीच वर्षे काहीच सोडावे लागले नाही.

जोकोविचच्या बाबतीत नदालला तोच फटका सोडावा लागला. २०११ मध्ये दोघांत सहा अंतिम सामने झाले आणि सहाही जोकोविचने जिंकले, त्यांतले दोन माद्रिद आणि रोमच्या मातीवर. सातवा २०१२ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत, ५ तास ५३ मिनिटांचा. तोच उंच क्रॉसकोर्ट चेंडू जोकोविचच्या बॅकहँडवर आला की तो दोन हातांनी खांद्याच्या उंचीवरच दाबला जाई आणि सरळ रेषेत नदालच्या बॅकहँडकडे किंवा तिरका उलट खोल परत जाई. नदालचा सर्वांत भरवशाचा डाव त्याच्याच अंगावर येऊ लागला, आणि त्याला सर्व्हिसच्या दिशेपासून सगळे नव्याने शोधावे लागले. त्यात जोकोविचचा रिटर्न धरला तर आधुनिक काळातला बॅकहँडचा मानदंड कोणता, यावर फार वाद उरत नाही.

यावर स्टॅन वावरिंकाचे नाव पुढे केले जाते, आणि ते रास्त आहे. २०१५ च्या पॅरिस अंतिम सामन्यात त्याने जोकोविचला ४-६, ६-४, ६-३, ६-४ असे हरवले. शेवटचा गुणही त्याने सरळ रेषेतल्या एकहाती बॅकहँडनेच घेतला. त्या दिवशीचा तो बॅकहँड एकहाती फटक्याच्या इतिहासातला सर्वांत जबर म्हणता येईल. मातीने त्याला मोठा झोका घ्यायला वेळ दिला, आणि जोकोविचचे चेंडू नदालच्या चेंडूंइतके उसळत नव्हते. दोन वर्षांनी त्याच कोर्टवर, त्याच फेरीत समोर नदाल आला. वावरिंका ६-२, ६-३, ६-१ असा हरला. खांद्याची ताकद तीच होती. चेंडू वेगळा होता.

फेडररनेही शेवटी उत्तर शोधले, हे त्याच्या थोरवीचे मोठे प्रमाण आहे. ९० चौरस इंचांची रॅकेट सोडून त्याने ९७ चौरस इंचांची घेतली. सहा महिने विश्रांती घेऊन २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात परतला तेव्हा तो नदालचा चेंडू खांद्यापर्यंत चढूच देत नव्हता. बेसलाइनवर पाय रोवून, चेंडू उसळत असतानाच तो बॅकहँडने सपाट मारत होता. अंतिम सामन्यात पाचव्या सेटमध्ये १-३ अशा पिछाडीवरून सलग पाच गेम घेऊन त्याने ६-४, ३-६, ६-१, ३-६, ६-३ असा विजय मिळवला आणि त्या वर्षी नदालला एकूण चार वेळा हरवले. हे चारही विजय हार्डकोर्टवरचे होते, हेही नमूद करावे लागते.

महिलांच्या खेळात उंच चेंडूला एकहाती उत्तर याआधीच दिले गेले होते. बेल्जियमची जस्टीन हेनिन १६७ सेंटिमीटर उंचीची, आणि तिच्या आजूबाजूच्या जवळजवळ सगळ्या मोठ्या खेळाडू दुहाती, उंच आणि बलवान. तिने २००३ ते २००७ या काळात पॅरिसची स्पर्धा चार वेळा जिंकली. २००७ मध्ये पॅरिस, विम्बल्डन आणि न्यूयॉर्क अशा तीन ठिकाणी उपांत्यपूर्व फेरीत तिने सेरेना विल्यम्सला हरवले. तिचा खांदा बॅकहँडच्या तयारीत जवळजवळ पाठ प्रतिस्पर्ध्याकडे होईल इतका वळे, आणि उंच चेंडूवर ती दोन्ही पाय जमिनीवरून उचलून त्याला भिडे. पण उसना घेतलेला तो प्रत्येक इंच तिला पायांच्या आणि वेळेच्या अचूकतेने फेडावा लागे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुरुषांच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या दहांत एकही एकहाती बॅकहँड राहिला नाही. १९७३ मध्ये क्रमवारी सुरू झाल्यापासून हे पहिल्यांदाच घडले. नंतर एकहाती खेळाडू पहिल्या दहांत परतले, पण त्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहे. यावरून एकहाती फटका हरला असा अर्थ काढणे घाईचे होईल, कारण निवड फार लहान वयात होऊन जाते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला एका हाताने रॅकेट सांभाळता येत नाही. ते दोन हातांनी मारते, सामने जिंकू लागते, आणि मग बदलण्याची जोखीम कोण घेणार? पीट सॅम्प्रसने १४ व्या वर्षाच्या सुमारास दुहाती सोडून एकहाती बॅकहँड घेतला, कारण त्याला आणि त्याच्या प्रशिक्षकाला विम्बल्डन जिंकायचे होते. काही काळ तो आपल्या वयाच्या मुलांकडून हरला. पुढे विम्बल्डन सात वेळा जिंकला. स्टीफन एडबर्गनेही असाच बदल केला. लहान वयातच मुलांची क्रमवारी, शिष्यवृत्ती आणि प्रायोजक ठरू लागल्यावर असे वर्ष कोणत्या घराला परवडेल, हा प्रश्न फटक्याच्या गुणांइतकाच महत्त्वाचा आहे.

रोझवॉलला आजची रॅकेट दिली असती तर तो नदालच्या चेंडूला पुरला असता का, आणि जोकोविचला लाकडी रॅकेट देऊन १९५० च्या दशकातल्या हिरवळीवर उभे केले असते तर काय झाले असते, हा प्रश्न नेहमी निघतो. त्याला ठाम उत्तर नाही, पण तर्काने काही अंतर कापता येते. रोझवॉलचे पाय, नजर आणि लवकर तयारी हे गुण कोणत्याही काळात उपयोगी पडले असते. त्याच्या स्लाइसला मात्र खांद्यावरच्या चेंडूने छळले असते आणि त्याला पुढे सरसावून चेंडू चढण्याआधी गाठावा लागला असता, जसे फेडररने शेवटी केले. जोकोविचचा ताणून फटका मारण्याचा अद्भुत लवचीकपणा लाकडी रॅकेटलाही साथ देता. पण ॲशने कॉनर्सला घातलेला आवाक्याचा प्रश्न त्यालाही पडला असता, आणि हिरवळीवर नेटकडे धावून येणाऱ्यांसमोर त्याला एकहाती स्लाइस आजच्यापेक्षा कितीतरी जास्त वापरावा लागला असता. समोर आलेल्या चेंडूला सर्वाधिक पूर्ण उत्तर देणारे बॅकहँड म्हणून हे दोघे पहिल्या रांगेत एकमेकांशेजारी बसतात. कॉनर्स आणि हेनिन त्यांच्या लगेच मागे. बजची जागा त्यांच्यातच कुठेतरी आहे. फेडररचा बॅकहँड, २०१७ सोडले तर, त्यांच्या खाली ठेवावा लागतो, तो कितीही मनात भरलेला असला तरी.

जुने उत्तर अजून संपलेलेही नाही. आज दुहाती बॅकहँड असलेला जवळजवळ प्रत्येक मोठा खेळाडू जोडीला एकहाती स्लाइस बाळगतो, कारण चेंडू खाली किंवा दूर गेला की दुसरा हात सुटतोच. ऑस्ट्रेलियाच्या ॲश बार्टीने तर हा स्लाइस संकटकाळातल्या सोयीतून बाहेर काढून आपले मुख्य हत्यार केले. तिच्याकडे चांगला दुहाती फटका होता, तरी ती रॅलीच्या रॅली स्लाइसवर चालवी. २०१९ मध्ये पॅरिसच्या मातीवर, २०२१ मध्ये विम्बल्डनच्या हिरवळीवर आणि २०२२ मध्ये मेलबर्नच्या हार्डकोर्टवर ती विजेती झाली. तिच्या प्रतिस्पर्धी उंच उसळणाऱ्या चेंडूवर घडलेल्या होत्या. कमरेच्या उंचीवरचा वेगवान चेंडू त्यांनी लहानपणापासून हजारो वेळा मारला होता, पण घोट्याजवळ घसरत येणाऱ्या चेंडूला खालून उचलून वेगाने परतवण्याची सवय त्यांच्यापैकी फार थोड्यांना होती.